बेसिनखालचं जुनं कपाट: रंगवावं की राहू द्यावं?

मंडळी, नवरात्र जवळ आलं की आपल्या हातांना स्वस्थ बसवत नाही. काहीतरी घासावं, धुवावं, रंगवावं असं वाटू लागतं. तिकडे या दिवसांत भिंतींना रंग लागायचा, डबे घासून उन्हात पालथे पडायचे. इकडे घर लहान, भिंतींना कागद चिकटवलेला, त्यामुळे रंगवण्यासारखं फारसं काही सापडत नाही. नजर फिरत फिरत शेवटी एका ठिकाणी येऊन थांबते: बेसिनखालचं लाकडी कपाट. कडा काळवंडलेल्या, मुठीभोवतीची चकाकी उडालेली, खालच्या कोपऱ्यात पाण्याचे डाग. दोनच तर दारं आहेत, एका शनिवार-रविवारचं काम, असं कुणालाही वाटावं.

काम खरोखरच तेवढं आहे. आम्ही उभयतांनी गेल्या वर्षी आमच्या घरातलं असं कपाट रंगवलं आणि ते अजून छान टिकून आहे. पण त्यानंतर बऱ्याच घरांतून “आम्हीही रंगवू का?” अशी विचारणा झाली, म्हणून हा लेख. ब्रश हातात घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: कपाट कुणाचं, कपाट कशाचं आणि हवा कशी? यातला पहिला प्रश्न सर्वांत महागात पडू शकतो, म्हणून तोच आधी घेऊ.

कपाट कुणाचं?

आमचं घर विकत घेतलेलं आहे; शोवा ५८ साली, म्हणजे १९८३ मध्ये बांधलेलं. त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्न आला नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांची घरं भाड्याची आहेत. घर सोडताना ते मूळ स्थितीत परत करायचं, याला इथे ‘गेन्जो काइफुकु’ म्हणतात आणि ‘शिकिकिन’ म्हणजे अनामत रक्कम परत किती मिळणार हे त्यावर ठरतं. या शब्दाची आपल्या लोकांत एवढी धास्ती आहे की काही घरांत वर्षानुवर्षं भिंतीवर साधं कॅलेंडरसुद्धा लागत नाही.

खरं म्हणजे नियम भाडेकरूच्या बाजूचा आहे. १९९८ साली तेव्हाच्या बांधकाम मंत्रालयाने याबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. पुढे २००४ आणि २०११ मध्ये ती सुधारली गेली. त्यांचा सारांश असा की रोजच्या वापराने होणारी झीज आणि काळाच्या ओघात येणारा जुनेपणा यांचा खर्च घरमालकाने सोसायचा, कारण तो भाड्यातच धरलेला असतो. उन्हाने उडालेला रंग, कॅलेंडरसाठी टोचलेल्या टाचणीचं भोक ही सगळी साधी झीज. २०२० च्या १ एप्रिलपासून हेच तत्त्व जपानच्या नागरी कायद्यात, कलम ६२१ मध्ये, स्पष्ट शब्दांत आलं. त्या तारखेपासून केलेल्या करारांना ते लागू आहे. मार्गदर्शक तत्त्वांत वस्तूंची आयुर्मानंही दिली आहेत. बेसिन आणि त्याच्या जोडीच्या सामानासाठी ती १५ वर्षं आहेत.

आता मुद्दा नीट लक्षात घ्या. तुमच्या बेसिनखालचं कपाट आज जुनं, फिकं, कळकट दिसत असेल, तर तो जुनेपणा घरमालकाचा आहे. तुम्ही त्यावर रंगाचा पहिला हात मारलात की तो तुमचा झाला. रंगवणं ही झीज नव्हे, तो तुम्ही जाणूनबुजून केलेला बदल ठरतो आणि तो पूर्ववत करायचा खर्च तुमच्याकडे मागता येतो. कपाट १५ वर्षांपेक्षा जुनं असलं तरी काढण्या-बसवण्याची मजुरी मागितली जाऊ शकते. म्हणजे हौसेने दोन दिवस खपायचं, कपाट आधीपेक्षा सुंदर करायचं आणि त्याच सुंदर कपाटापायी अनामतीतून पैसे कापून घ्यायचे! कंपनीने एका महिन्याच्या सूचनेवर पुण्याला परत बोलावलं, तर तिथे बसून इथल्या एजंटाशी जपानीत वाद घालणं किती अवघड, हे सांगायला नको.

म्हणून आमचं पहिलं सांगणं: भाड्याच्या घरात लेखी परवानगीशिवाय ब्रश बुडवायचा नाही. तोंडी “दाइज्योबु” पुरेसं नाही, कारण ते म्हणणारा माणूस तुम्ही घर सोडाल तेव्हा त्या खुर्चीत असेलच असं नाही.

विचारायचं कसं?

विचारलं तर नाहीच म्हणतील असं धरून चालू नका. घर जुनं असेल, लवकर भाड्याने जात नसेल, तर मालकालाही कपाट नीटनेटकं झालेलं हवंच असतं. आधी करारपत्रात ‘तोकुयाकु’ म्हणजे विशेष अटी कोणत्या आहेत ते पाहा, मग एजंटाला किंवा व्यवस्थापन कंपनीला विचारा. वाक्य सोपं आहे: “सेन्मेन्दाइ नो तोबिरा ओ नुत्ते मो ई देस का?” म्हणजे बेसिनच्या कपाटाची दारं रंगवली तर चालेल का? हो म्हणाले की लगेच दुसरा प्रश्न: “ताइक्यो नो तोकि, कोनो मामा दे ई देस का?” म्हणजे घर सोडताना ती तशीच ठेवली तर चालेल का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच जास्त मोलाचं आहे. रंगवायची परवानगी मिळाली म्हणजे ती पूर्ववत करण्यातून सुटका झाली असं नव्हे. शेवटी “शोमेन दे ओनेगाइ शिमास”, म्हणजे लेखी द्या, असं म्हणायला विसरू नका. रंगवण्याआधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह काढून त्या कागदासोबत ठेवावेत.

भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने घरात बदल करायचे आणि ते पूर्ववत करायचे नाहीत, अशा कराराचे नमुने भू-विकास व वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केले आहेत. एजंट नवखा असेल तर त्याला याची आठवण करून द्यायला हरकत नाही. युआरच्या घरांत राहणाऱ्यांनी आधी अर्ज द्यावा. तिथे काही घरांत ठरावीक भाग रंगवायची मुभा असते, पण तुमचं घर आणि तुमचं कपाट त्यात बसतं का, हे कचेरीतूनच कळेल. कंपनीने करार करून दिलेलं घर असेल तर करार कंपनीच्या नावावर असतो, म्हणून आधी कंपनीतल्या संबंधित माणसाला विचारायचं. परस्पर मालकाशी बोलून ठरवलेलं नंतर कुणीच मान्य करत नाही.

घर सोडताना अवाजवी बिल आलंच तर लगेच सही करू नका. १८८ हा ग्राहक तक्रारींचा राष्ट्रीय क्रमांक २०१५ पासून आहे. तो फिरवला की जवळच्या सल्ला केंद्राशी जोडून देतात.

आणि नाही म्हणाले तर?

तर कपाट न रंगवता नवं करायचं. जपानी भाडेकरू हे फार नजाकतीने करतात. दारावर आधी मास्किंग टेपच्या पट्ट्या लावतात, त्यावर दुहेरी चिकटपट्टी आणि त्यावर हव्या त्या रंगाचा सजावटीचा कागद. जाताना मास्किंग टेप सोलली की सगळं एकदम निघून येतं. रंगाऱ्यांची ही साधी पट्टी इथे शोभेची वस्तू झाली, त्याचीही गंमत आहे. ओकायामा प्रांतातल्या कुराशिकी शहरात १९२३ साली सुरू झालेली कामोई कंपनी मुळात माश्या पकडायचा चिकट कागद बनवायची. त्याच कंपनीने २००८ साली रंगीबेरंगी, नक्षीदार मास्किंग टेप बाजारात आणली. आता शाळकरी मुलींच्या वह्यांपासून स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत ती सगळीकडे दिसते. मात्र कोणतीही पट्टी आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात आठवडाभर लावून पाहावी. जुना कागद तिच्याबरोबर सोलून आला, तर तेवढ्यावरच थांबलेलं बरं.

मूठ बदलणं हा आणखी सोपा उपाय. दोन भोकांमधलं अंतर मोजून होम सेंटरमधून त्याच मापाची मूठ आणायची आणि जुनी मूठ स्क्रूसकट पिशवीत घालून ओशिइरेत जपून ठेवायची. जाताना तीच परत बसवायची.

कपाट कशाचं?

इथली न्हाणीघरं बहुधा एकसंध प्लॅस्टिकची असतात. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी तोक्योत हॉटेल न्यू ओतानी घाईने उभं राहत होतं, तेव्हा कारखान्यात तयार करून आणून बसवायचं न्हाणीघर तोयो तोकी कंपनीने, म्हणजे आजच्या तोतोने, तिथे पुरवलं. पुढे तीच पद्धत घरोघरी पोचली. त्यामुळे लाकूड उरलं ते न्हाणीघराबाहेरच्या बेसिनपाशी. पण तिथेही दिसतं ते सगळं लाकूड नसतं. बहुतेक कपाटं भुशाच्या बोर्डाची किंवा प्लायवूडची असतात आणि वर लाकडाचं चित्र छापलेला कागद किंवा प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. जपानीत अशा फळीला ‘केशोबान’ म्हणतात. ‘केशो’ म्हणजे चेहऱ्याचा मेकअप. नावातच सगळं आलं!

ओळखायचं कसं? दार उघडून त्याची वरची किंवा खालची कड पाहा. पुढच्या बाजूच्या रेषा कडेवरून तशाच पुढे वळत असतील तर अस्सल लाकूड. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल, कोपरा सुटून आत भुसा दिसत असेल, तर केशोबान. अस्सल लाकूड रंग पितं, केशोबानवर रंग नुसता बसतो. म्हणून केशोबानला चिकटून राहणारा प्रायमर आधी लावावाच लागतो. प्रायमर वाळल्यावर त्यावर मास्किंग टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. प्रायमर निघून आला तर रंगही पुढे निघणार हे नक्की.

कपाटाचा तळ हाताने दाबून पाहा. बोर्ड फुगून मऊ झाला असेल तर पाणी झिरपतं आहे. आधी गळती बंद करायची, मग बाकीचं. फुगलेला बोर्ड रंगाने सपाट होत नाही. असं दार बदलणंच शहाणपणाचं.

जुन्या घरांत राहणाऱ्यांसाठी एक इशारा: घासायचं ते फक्त कपाट. जपानमध्ये ॲस्बेस्टॉसवर जवळजवळ संपूर्ण बंदी २००६ साली आली. त्याआधीच्या घरांत भिंतीच्या आणि जमिनीच्या काही बोर्डांत तो असू शकतो. कपाटामागची भिंत किंवा पायाखालचं आवरण पॉलिश पेपरने घासायच्या फंदात पडू नका.

हवा कशी?

पाण्यात मिसळणारा रंग पाणी उडून गेल्यावर वाळतो. हवेतच पाणी भरलेलं असेल तर तो चिकट राहतो. तापमान ५ अंशांच्या खाली किंवा आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम करू नये, असा इथल्या रंगाऱ्यांचा नियम आहे. कान्तोमध्ये साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत ‘त्सुयु’, म्हणजे पावसाळा. तेव्हा ब्रश बाहेर काढू नये. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस उत्तम. बघा, आपल्या आज्या पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंग काढायच्या, तो हिशोब इथेही बरोबर लागू पडतो.

याच्या अगदी उलट न्याय जपानी लाखेचा, म्हणजे ‘उरुशी’चा. झाडाच्या चिकापासून केलेला हा लेप दमट हवेतच घट्ट होतो, कारण त्यातलं एन्झाइम हवेतला ओलावा आणि प्राणवायू घेऊन काम करतं. म्हणून कारागीर लाखेचं भांडं २०-२५ अंश तापमान आणि ७०-८० टक्के आर्द्रता राखलेल्या कपाटात ठेवतात. त्या कपाटाला ‘उरुशिबुरो’ म्हणतात, म्हणजे चक्क लाखेचा ‘फुरो’! आपण मात्र डब्यातला रंग वापरणार, तेव्हा फुरोची वाफ त्यापासून लांब ठेवायची. रंगकामाचे दोन दिवस न्हाणीघराचं दार बंद, पंखा सुरू आणि शक्य असेल तर आंघोळ जवळच्या सेन्तोत.

आता प्रत्यक्ष काम

सामान होम सेंटरमध्ये मिळतं: पॉलिश पेपर २४० आणि ४०० नंबरचा, लाकडाची लांबी, प्रायमर, ‘सुइसेइ’ म्हणजे पाण्याचा रंग, लहान ब्रश, लहान रोलर, मास्किंग टेप आणि जमिनीवर पसरायला ‘मासुका’. मासुका म्हणजे पट्टीला जोडलेला, घडी उलगडत जाणारा प्लॅस्टिकचा कागद. साध्या वर्तमानपत्रापेक्षा तो पुष्कळ बरा. बेसिनची कपाटं बहुधा ६०, ७५ किंवा ९० सेंटिमीटर रुंदीची असतात. ७५ च्या कपाटाची दारं आणि बाजू मिळून दीड चौरस मीटरच्या आसपास भरतं. किती जागेला पुरेल ते डब्यावर लिहिलेलं असतं, उगाच मोठा डबा आणू नका.

दारं काढा. प्रत्येक दारामागे आणि कपाटाच्या आत टेपवर १, २ असे आकडे घाला. बिजागऱ्या आणि स्क्रू एका पिशवीत.

मग धुणं, आणि मंडळी, खरं काम इथेच आहे. आपल्या घरांत डोक्याला खोबरेल तेल लावून त्याच हाताने मूठ ओढली जाते. ते तेल दिसत नाही, पण तिथे रंग धरत नाही. भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि रात्रभर वाळू द्या. बुरशीसाठी क्लोरीनचं औषध वापरणार असाल तर बाटलीवरचं ‘माझेरुना किकेन’ वाचा: मिसळू नका, धोका आहे. आपल्याकडे लिंबू, व्हिनेगर सर्रास वापरतात. क्लोरीन आणि आंबट पदार्थ एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. दोन्ही एकाच दिवशी वापरूच नका.

२४० च्या कागदाने हलक्या हाताने घासून चकाकी मोडा. केशोबानवर फार जोर दिला तर छापलेला कागद फाटून भुसा वर येतो. खड्ड्यांत लांबी भरा, वाळल्यावर घासा, ओल्या फडक्याने धूळ टिपा. प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात. आधी कडा आणि खाचा ब्रशने, मग सपाट भाग रोलरने. दोन हातांच्या मध्ये ४०० नंबरच्या कागदाने अलगद फिरवलं तर दार काचेसारखं गुळगुळीत होतं. एकच जाड हात मारला तर ओघळ येतात आणि ते आतून दिवसेंदिवस ओले राहतात. शेवटचा हात पुरता वाळायच्या आत मास्किंग टेप सोलायची, म्हणजे कड सरळ येते.

हाताला लागत नाही म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. पूर्ण घट्ट व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर दारावर ओला टॉवेल टाकू नका आणि दारं किंचित उघडी ठेवा, नाहीतर चौकटीला चिकटतात.

रंग गडद घ्यावा की फिका? बहुतेक बेसिनपाशी खिडकी नसते, त्यामुळे फिका पिस्ता किंवा दुधट रंग खुलतो. अर्थात हे ज्याच्या त्याच्या आवडीवर.

वास आणि उरलेला रंग

घरात तान्हं बाळ किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर रंग निवडताना काळजी घ्या. नव्या घरांतल्या रसायनांनी लोक आजारी पडू लागल्यावर जपानने २००३ च्या जुलैपासून इमारतींच्या कायद्यात फॉर्मल्डिहाइडवर मर्यादा घातल्या. डब्यावर इंग्रजी एफ अक्षर आणि त्यापुढे चार चांदण्या असतील तर फॉर्मल्डिहाइड सर्वांत कमी सोडणारा वर्ग समजावा. मात्र ही खूण फॉर्मल्डिहाइडपुरतीच आहे, वास येणारच नाही अशी हमी नव्हे. ‘युसेइ’ म्हणजे तेलाचा रंग आणि फवाऱ्याचे प्रायमर बंद घरात वापरू नका. बाल्कनीत फवारायचाही मोह टाळा. तिथला फवारा वाऱ्याबरोबर शेजारच्या आजींच्या वाळत घातलेल्या फुतोनवर जाऊन बसतो आणि वर्षांचे चांगले संबंध एका दुपारी बिघडतात.

उरलेला रंग बेसिनमध्ये ओतायचा नाही. वर्तमानपत्रावर पसरून वाळवा आणि आपल्या वॉर्डाच्या नियमाप्रमाणे कचऱ्यात द्या. ब्रश धुण्याआधी जुन्या फडक्याला पुसून घ्यावा.

तर मंडळी, घर स्वतःचं असेल तर येत्या कोरड्या शनिवारी सुरुवात करा. घर भाड्याचं असेल तर आधी कागद, मग ब्रश. भाड्याचं घर म्हणजे परक्याचं, असं मानून वर्षानुवर्षं कळकट कपाटासमोर दात घासायची गरज नाही आणि घाईने रंगवून अनामत गमवायचीही नाही. करारातल्या विशेष अटी वाचायला अडचण येत असेल तर आपल्या मंडळात जपानी उत्तम वाचणारी बरीच मंडळी आहेत. दिवाळीच्या कार्यक्रमाला येताना करारपत्राची झेरॉक्स घेऊन या. फराळाच्या ताटाशेजारी बसून ती वाचून देऊ, संकोच करू नका.